छताची दाढ

खुळखुळ.

पहिल्या गिअरला नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसरा पडला आणि चाकाखाली एखादा खडा आला, की थेट डोक्यावरून. सनरूफची काच.

"ऐकलंत?" बायको विचारायची.

"काय?"

खुळखुळ.

"हे."

"ते होय!" असं म्हणून डॉक्टर मान वर करून छताकडे बघायचे आणि पुन्हा रस्त्याकडे बघायचे. त्यांच्या मते एवढा उपचार पुरेसा होता.

डॉक्टर दातांचे. बायको बालवाडीत शिकवायची. वर्गभर पोरं दिवसभर तिच्या कानाशी रडायची, गायची आणि एकमेकांच्या तक्रारी सांगायची. शाळेतून घरापर्यंतचा रस्ता एवढीच तिच्या वाट्याची शांतता, आणि आता तीही खुळखुळायला लागली होती.

"आज मी मैत्रिणीबरोबर जातेय, गाडी घरीच आहे," सकाळी चपला घालता घालता ती म्हणाली. "मी परत येईपर्यंत हा आवाज बंद झाला तर झाला. नाहीतर गाडी दादाच्या ताब्यात. दुपारी येणारच आहे तो."

"दादांना कशाला त्रास? मी आहे ना!"

"तुम्ही आहात म्हणूनच तो येतोय."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. नोकरीने बँकेतला साहेब, मनाने प्लंबर, सुतार आणि वायरमन. खिशात कायम एक घडीचं हत्यार, त्यातून चाकू, पक्कड, कात्री, पेचकस असं काय काय निघायचं. मागे त्याने डॉक्टरांच्या न्हाणीघरातला गळका नळ दुरुस्त केला होता. नळ लगेच झाला, त्याची गोष्ट मात्र अजून चालूच होती. प्रत्येक लग्नात, प्रत्येक वाढदिवसाला. "आणि आमचे भावोजी काय करत होते? उलटा आटा फिरवत होते! उलटा!" मग अख्खं टेबल हसायचं. बायको सगळ्यात जास्त.

नळाची गोष्ट डॉक्टरांनी कशीबशी गिळली होती. त्यावर छताची गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरणार नव्हती.

दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत होता. त्या दुपारी खुर्चीत एकच पेशंट: दाढवाले काका. काकांना नाव असणार, पण डॉक्टर माणसं दातांवरून ओळखायचे आणि काकांची खालची दाढ कित्येक दिवस निघता निघता राहिली होती, कारण दर वेळी काका पळून जायचे.

"आज काढूच," असं म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन टोचलं. "बधीर व्हायला जरा वेळ लागेल. बसा. मी आलोच."

आणि तोंडात घालायचा छोटा आरसा आणि पुट्टीचे दोन डबे उचलून ते पोर्चमध्ये गेले.

तपासणी रीतसर झाली. डॉक्टरांनी आरशाच्या दांड्याने काचेवर सगळीकडून टकटक केलं. "इथे? बरं, इथे?" काच गप्प. मागच्या कोपऱ्यावर टक केलं आणि ती बोलली. खुळखुळ.

"हलतोय," डॉक्टर हळहळत म्हणाले. वाईट बातमी द्यायचा त्यांचा एक वेगळा आवाज होता. तो त्यांनी गाडीलाही लावला.

हलतोय म्हणजे फट आहे. फट आहे म्हणजे भरायची. दातांचा साचा घ्यायची पुट्टी असते: एक निळा गोळा, एक पांढरा, एकत्र मळायचे आणि भरायचे. बघता बघता रबरासारखी घट्ट होते. तोंडात किती लागते ते डॉक्टरांना झोपेतही सांगता आलं असतं. छताला किती लागते हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं, म्हणून त्यांनी दोन्ही डबे रिकामे केले.

काच पूर्ण मागे सारून, पुढच्या सीटवर उभं राहून, पोटापर्यंत छताबाहेर येऊन डॉक्टरांनी तिच्या मागची फट गच्च भरली. हात पुसले. आता उरला पुट्टीचा एकच नियम: भरली की चावायचं, म्हणजे ती बरोबर आकार घेते. काच पुढे आली की झालं. पण तिचं बटण आत, गाडीच्या आरशाच्या वर, आणि डॉक्टरांचे दोन्ही हात बाहेर.

तेवढ्यात काका गालाला हात लावून दारात आले. "डॉक्टर, बधीर झालं."

"वा! आत बसा. नाही, नाही, गाडीत. वर बटण आहे बघा. पुढच्या बाजूने दाबा."

इथे डॉक्टरांनी खाली उतरायला हवं होतं. पण चावा कसा बसतोय हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना कधी...

टप्.

काच पुढे आली आणि तिने डॉक्टरांचाच चावा घेतला.

मध्ये काही लागलं तर काच आपोआप मागे जाते, असं गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. काच पुस्तिकेप्रमाणेच वागली. थांबली, मागे निघाली आणि अडली. कारण ती पुढे येताना मागची पुट्टी तिच्या पाठोपाठ घसरून रुळात बसली होती, आणि आता रबर झाली होती. वर डॉक्टरांचं पोट, खाली डॉक्टरांची कंबर, मध्ये काच.

"काका, मागच्या बाजूने दाबा."

"दाबलं. नुसतं गुरगुरतंय. दुखतंय का?"

"दुखत नाही. दाबल्यासारखं वाटतंय."

"तेवढं वाटणारच. नाकाने श्वास घ्या."

"काका, गंमत पुरे."

"बोलू नका, बोललं की हलतं. मुलगा काय करतो हल्ली तुमचा?"

"काका!"

"तुम्ही माझ्या तोंडात दोन्ही हात घालून विचारता. तुमचं तोंड तर मोकळं आहे. सांगा की."

यानंतर डॉक्टरांनी खाली यायचे जे प्रयत्न केले, ते त्यांच्या दवाखान्याच्या भल्यासाठी इथे गाळले आहेत. एवढंच सांगतो, की त्यात पँट सुटली, डॉक्टर नाही सुटले.

आणि फाटक वाजलं.

दादा आत आला. गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. खिडकीतून आत डोकावून पट्ट्यापट्ट्यांची चड्डी पाहिली. मग पुन्हा वर पाहिलं.

"भावोजी."

"या, दादा."

"काय चाललंय?"

"काही नाही. जरा मोकळी हवा."

"आणि हे खाली कोण?"

"पेशंट."

दादाच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. त्या हसण्यात डॉक्टरांना पुढची सगळी लग्नं दिसली. सगळे वाढदिवस. सगळी टेबलं.

"आधी एक फोटो घेतो," दादा म्हणाला. "नाहीतर लोकांना खोटं वाटतं." फोटो झाला. एक बाजूने झाला. चड्डीचा वेगळा झाला. मग घडीचं हत्यार निघालं आणि दादाने बाहेरून पुट्टी खरवडायला घेतली. त्याच्या कामाला नावं ठेवायला जागा नव्हती. थोड्याच वेळात निळसर लगदा टपावरून घरंगळायला लागला.

"बँकेत कुणाला सांगितलं तर हसून मरतील, भावोजी! छताला दाढेचं औषध!"

"बँकेतही सांगणार?"

"आधी घरी. मग बँकेत."

डॉक्टरांनी बॉनेटवर ठेवलेल्या दादाच्या फोनकडे पाहिलं. मग एकदम मधाळ आवाजात म्हणाले, "दादा, बाहेरून रेटा बसत नाहीये हो. तुमच्यासारख्या जाणकाराला मी काय सांगणार, पण आतून, माझ्या शेजारून वर आलात तर?"

"तेच म्हणणार होतो मी," दादा म्हणाला. जाणकार म्हटलं की तो कुठेही शिरायचा.

दादा किरकोळ अंगाचा. आत शिरला, सीटवर चढला आणि डॉक्टरांच्या बगलेतून सळसळत वर आला. दोघांनी मिळून काचेला रेटा दिला.

"एक, दोन..."

"हूं!"

करकर करत काच मागे गेली. पार मागे. पोट मोकळं झालं. गार वारा लागला. डॉक्टर सुटले होते. आता फक्त गुडघे वाकवून खाली बसायचं होतं.

"बघितलंत?" कमरेपर्यंत वर आलेला दादा टपावर थाप मारत म्हणाला. "तो नळ म्हणजे काहीच नाही, भावोजी. ही गोष्ट जन्मभर पुरेल!"

डॉक्टरांनी गुडघे वाकवले. मग पुन्हा सरळ केले.

"काका," त्यांनी शांतपणे हाक मारली. "दाबा."

"पुढे की मागे?"

"मघासारखंच."

टप्.

या वेळी काच दोघांना मिळून चावली. मग कुठेतरी आत फट् असा आवाज झाला, जळकट वास आला आणि बटण कायमचं गप्प झालं.

"भावोजी! हे मुद्दाम केलंत!"

"नाकाने श्वास घ्या, दादा."

काका गाडीतून उतरले, बॉनेटवर पडलेला दादाचा फोन उचलला आणि कुणी न सांगता एक फोटो काढला. या फोटोत दोघंही होते. दादाने तो पाहिला आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. लग्नांतलं त्याचं टेबल आपोआप रिकामं झालं होतं.

"हे कुणाला सांगायचं नाही," दादा म्हणाला.

"काय?" डॉक्टर म्हणाले.

बायको आली तेव्हा दोघं टपावर कोपरं टेकून हवापाण्याबद्दल बोलत होते. तिने पिशवी खाली ठेवली. नवऱ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. वर्गातली पोरं खिडकीच्या गजांत डोकं अडकवतात तेव्हा ती जशी बघायची, तशीच.

"आवाज गेला का?"

"गेला!" दोघं एकदम म्हणाले.

"मी फट भरली."

"रेटा मी दिला!"

ती गाडीत बसली, शेजारचे चार पाय हाताने जरा बाजूला सारले आणि किल्ली फिरवली.

"गॅरेजला नेते तुम्हाला. काका, तुमची दाढ राहिली ना?"

"मला काही घाई नाही, बाई," काका मागच्या सीटवर चढून आरामात रेलत म्हणाले. "उलट."

गाडी फाटकाबाहेर पडली. लोक थांबून बघायला लागले. कुणीतरी हात हलवला, तर डॉक्टरांनीही हलवला, मग दादानेही. पहिला गिअर. दुसरा. तिसरा. चाकाखाली खडा आला. मग खड्डा आला.

काही नाही.

तिने कान दिला. पुन्हा एक खड्डा, या वेळी मुद्दाम. काही नाही. दोन पोटांनी काच अशी घट्ट धरून ठेवली होती, की ती तसूभर हलायला तयार नव्हती. आत नुसतं इंजिनाचं मऊ गुणगुणणं. काका डोळे मिटून बसलेले. किती दिवसांनी!

"डावीकडे!" वरून अस्पष्ट ऐकू आलं. "अगं, गॅरेज डावीकडे!"

वळण आलं. शेजारचे चारही पाय एकदम डावीकडे वळले.

तिने आपल्या बाजूची खिडकी वर घेतली आणि गाडी सरळ नेली.