आराखड्यातली लंका

रविवारी सकाळी पवनेच्या घाटावर गुडघाभर पाण्यात, धोतर वर खोचून, छत्री उघडून, डोळे गच्च मिटून एक माणूस उभा दिसला, तर चिंचवडात कोणी थांबून बघत नसे. ‘परचुऱ्यांचा विसू असेल,’ म्हणायचे आणि पुढं जायचे. धुणं धुणाऱ्या बायका तेवढ्या ओरडायच्या, “अवो, जरा कडंला व्हा की, चादर पिळायची हाय!” मग हा डोळे न उघडता दोन पावलं सरकायचा.

मी एकदा विचारलं, “विसूभाऊ, हे कसलं व्रत?”

“व्रत नाही, राव. तालीम. समुद्राची.”

“नदीत?”

“तीच तर पंचाईत आहे,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला. “नदी नुसती वाहते हो. ओढत नाही.”

अशा माणसाशी काय डोंबल बोलायचं? मी कपाळाला हात लावला नि घरी गेलो.

आमचा कारखाना तेव्हा पिंपरीच्या माळावर नुकता कुठं उभा राहिला होता. मी टाइम ऑफिसात, म्हणजे सगळ्यांची हजेरी आणि रजा माझ्या हाताखालून जाणार. विसूभाऊ परचुरे स्टोअरकीपर. वय पंचेचाळिशीच्या पुढं, लग्न केलेलं नाही, घरी एक थोरली विधवा बहीण, इतपत मला ठाऊक होतं. स्टोअरमधला एकेक नट तो स्वतःच्या पोरासारखा सांभाळायचा. वॉशर मागायला गेलेल्या फिटरला आधी जुना वॉशर दाखवावा लागे, मग तो कसा झिजला ते सांगावं लागे. शहाण्या माणसानं त्याच्या खिडकीकडं जेवणाच्या सुट्टीआधी जाऊच नये.

आणि ह्या गृहस्थाला लंकेला जायचं होतं! सिलोनला! आमच्यातले लोक रजेत फार तर लोणावळ्यापर्यंत जायचे, तेही साडूकडं. हा निघाला होता समुद्र ओलांडून, हत्ती, चहाचे मळे आणि समुद्रकिनारा एकाच फेरीत उरकायला. कामगार त्याच्या खिडकीत डोकावून विचारायचे, “काय मारुतराया, शेपूट कुठवर आलं?” तो रागावत नसे. “शेपूट आराखड्यात नाही,” एवढंच म्हणे.

हा आराखडा म्हणजे मोठंच प्रकरण होतं. सरकारची पंचवार्षिक योजना तेव्हा नवी होती, विसूभाऊची तिच्याहून जुनी. जाड कागदाचा भला मोठा ताव, चार घड्या घातलेला, तेलाचे डाग पडलेला. चिंचवड ते पुणं, पुण्याहून मद्रास, तिथून धनुष्कोडी, मग बोट, मग पलीकडं पुन्हा आगगाडी. कुठल्या स्टेशनात गाडी किती मिनिटं थांबते आणि पाण्याचा नळ कोणत्या टोकाला आहे, हेही त्यात. नळाचं टोक त्याला पिंपरीत बसून कोणी सांगितलं, देव जाणे. त्याला काहीही विचारा, डास असतील का, भात कसला मिळेल, पाऊस लागला तर काय, उत्तर ठरलेलं: “आराखड्यात आहे!”

एकदा त्यानं तो ताव माझ्या टेबलावर पसरला. मी वाचायला लागलो आणि मला हसू आवरेना. ‘दिवस सातवा. चहाचे मळे (वास). दिवस आठवा. रान. पहाटेची पाखरं (आवाज). दिवस नववा. हत्ती. माहुतास विचारून हात लावणे. दिवस दहावा आणि अकरावा. समुद्र (पाय).’

“अहो, आणि बघायचं काय?” मी म्हटलं. “एवढ्या लांब जाणार, प्रेक्षणीय स्थळं कुठायत ह्यात?”

“ती आराखड्यात नाहीत,” म्हणाला, आणि घड्या घालून ताव खिशात.

येडपटच! पुण्यात सर्कस आली तेव्हा हा तिकडंही गेला. तिकीट नाही काढलं. तंबूच्या मागं, जिथं हत्ती बांधतात तिथं अर्धा तास उभा राहून वास घेऊन आला. दुसऱ्या दिवशी मला सांगतो, “ओल्या गोणपाटासारखा येतो, राव. पण आत कुठंतरी गूळ आहे.” मी खेळ कसा झाला विचारलं, तर खेळ बघितलाच नाही म्हणे.

मुंबई रस्त्याला इस्माईलभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ते तरुणपणी बोटीवर खलाशी होते. विसूभाऊनं त्यांचं डोकं पिकवलं. समुद्र कुठवर ऐकू येतो? वारा खारट लागतो म्हणजे ओठांना की नाकाला? इस्माईलभाई पंक्चर काढता काढता मला म्हणाले, “साहेब, मी पंधरा वर्षं दर्यावर काढली, पण असले सवाल कप्तानानं पण नाही केले. परवा विचारतो, लाट मागं जाताना पायाला काय वाटतं? मी म्हटलं, पायाखालची रेती खेचून नेते, माणूस उभ्या उभ्या खचतो. तर हा इसम खुशीनं उड्या मारायला लागला!”

हे सगळं मी कँटीनमध्ये रंगवून सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. मला त्यात मजा वाटायची, खोटं कशाला बोलू?

आता रजेचं सांगतो. अर्जात कारणाचा एक रकाना असायचा, आणि तो रकाना वाचून वाचून माणूसजातीवरचा माझा विश्वास उडाला होता. सगळे आसपासच्या गावचे, शेती सांभाळून नोकरी करणारे. भातकापणी आली की घराघरात म्हाताऱ्या मरायला लागायच्या. हिंजवडीचा कोंडिबा डोळे पुसत यायचा, “सायब, आजी गेली वो.”

“कोंडिबा, गेल्या कापणीलाही गेली होती.”

“ती आईची आई. ही बापाची.”

“आणि त्याच्या आदल्या वर्षीची?”

“ती चुलत व्हती, सायब.”

ह्या गर्दीत विसूभाऊचा अर्ज यायचा. तीन आठवडे रजा, कारण: ‘सिलोन देशात सहल.’ सरळ, स्वच्छ, वळणदार अक्षरात! दोन वर्षं तो नामंजूर झाला. सहलीसाठी तीन आठवडे कोण देतो? तिसऱ्या वर्षी अर्ज घेऊन आला तो थेट माझ्या टेबलावर ओणवा झाला.

“राव, एवढं जमवाच. पासपोर्ट झालेत, बोटीचं झालंय. या वर्षी नाही, तर मग नाहीच.”

“मग जरा डोकं चालवा,” मी म्हटलं. “कारण लिहा, रामेश्वरची यात्रा. आपले साहेब देवभोळे, डोळे झाकून सही करतील. रामेश्वर तुमच्या वाटेतच आहे ना?”

“वाटेत आहे. पण आम्ही तिथं उतरणार नाही.”

“काय?” मी खुर्चीतच उडालो. “रामेश्वराच्या दारावरून जाणार आणि दर्शनाला उतरणार नाही?”

“आराखड्यात नाही. मग खोटं कसं लिहू?”

एवढा राग आला म्हणता! आम्ही इथं रोज शेकड्यानं खोटी कारणं पचवतो, आणि ह्या हरिश्चंद्राला एक ओळ लिहायला जड जाते. मी त्याच्यासमोरच शेरा मारला, ‘कारण केवळ मौज,’ आणि अर्ज आत पाठवला. संध्याकाळी बाहेर आला, त्यावर साहेबांच्या लाल पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘नाही.’

दुसऱ्या दिवशी रविवार. म्हटलं, ही बातमी आपणच घरी नेऊन द्यावी. खरं सांगतो, त्याचं तोंड बघायची मला हौस होती.

गावात गल्लीच्या टोकाला त्याच्या दोन खोल्या. दार उघडंच होतं. आत पाटावर लाल आलवणातली, केशवपन केलेली एक बाई बसली होती. तिचे दोन्ही पाय वाळू भरलेल्या घमेल्यात. समोर विसूभाऊ उकिडवा, हातात तांब्या, बाजूला मिठाची बरणी.

“आक्का, आली हं लाट,” असं म्हणून त्यानं तांब्या तिच्या पायांवर ओतला. मग तांब्या टाकून दोन्ही हातांनी तिच्या टाचांखालची वाळू भराभरा मागं ओढायला लागला. बाई एकदम हसली आणि त्याचा खांदा धरला.

“अरे, खचले रे! खचले!”

“मग? अशी ओढते ती!”

“पण विसू, तुझा समुद्र कोमट आहे.”

मी दारात खाकरलो. विसूभाऊ दचकून उठला. बाईनं मान वळवली ती माझ्याकडं नाही, माझ्या बाजूच्या भिंतीकडं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिला दिसत नव्हतं.

वास. आवाज. हात लावणे. पाय. तो सबंध ताव माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला, आणि कँटीनमधलं माझं हसणंही. जोड्यानं मारावं अशी अक्कल माझी!

“टाइम ऑफिसातले आहेत, आक्का,” विसूभाऊ म्हणाला.

“रजा देतात ते? या, या.” तिनं पाय तसेच वाळूत ठेवून मला बसायला सांगितलं. “ह्यानं तुमचं डोकं खाल्लं असेल. सहा वर्षांचा होता हो. आई गेलेली, मी माहेरी परत आलेली. जात्यावर बसले की हा मांडीवर, आणि मी ह्याला रामायण सांगायची. तर म्हणाला, आक्का, मोठा झालो की तुला लंका दाखवीन. मी कधीच विसरले. हा विसरतोय कसला! डोळे काचबिंदूनं गेले, त्याला झाली आठ वर्षं. मी म्हटलं, सुटलास. तर कागद घेऊन बसला. आता गुडघे बोलायला लागलेत. पुढच्या वर्षी चालेन असं वैद्य म्हणत नाहीत.”

“वाटेत रामेश्वर आहे,” काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो.

“असू दे,” ती ठसक्यात म्हणाली. “देवाला जन्मभर बघत आले. त्यानं कधी माझ्याकडं बघितलं? विसूलाही सांगून ठेवलंय, तिथं थांबायचं नाही.”

विसूभाऊ माझ्या तोंडाकडं बघत होता. “झालं का हो?” त्यानं हळूच विचारलं.

अर्ज माझ्या खिशात होता. मी म्हटलं, “अजून साहेबांपुढं गेला नाही.” टाइम ऑफिसात लागल्यापासून माझं हे पहिलं खोटं.

दुसरं सोमवारी सकाळी. कोरा अर्ज घेतला, विसूभाऊच्या वळणदार अक्षराची होईल तेवढी नक्कल केली, कारण लिहिलं: ‘वृद्ध व अंध भगिनीस रामेश्वर यात्रा घडविणे.’ सहीसुद्धा मीच ठोकली. साहेबांनी वाचून हात जोडले, मंजूर लिहिलं आणि मला म्हणाले, “परचुऱ्यांना सांगा, आमच्यासाठी प्रसाद आणा.” मी आणखी पाच आज्या मारायला तयार होतो. विसूभाऊला निरोप सांगताना मात्र कारणाचं बोलावंच लागलं. त्याचा चेहरा पडला. तो तसाच स्टोअरकडं वळला.

तीन आठवड्यांनी तो थेट माझ्या टेबलापाशी आला. काळाकुट्ट झालेला, नाकाची सालं निघालेली. खाड्कन एक पुडा आपटला.

“हा प्रसाद. साहेबांना द्या.”

“म्हणजे? उतरलात रामेश्वरला?”

“मग काय करणार?” तो जवळजवळ ओरडला. “माझ्या नावानं तुम्ही लिहून दिलंत! ते खरं नको करायला? एक अख्खा दिवस गेला. नववा दिवस काढून टाकावा लागला, हत्तीचा! चार वर्षं मी तो दिवस बसवत होतो, राव!”

आणि तरातरा निघून गेला. मी पुड्याकडं बघत बसलो. ह्याच्या प्रामाणिकपणाला काय म्हणायचं ते म्हणा, पण आक्काचा हत्ती माझ्यामुळं गेला होता, आणि तिला नको असलेला देव मी तिच्या गळ्यात बांधला होता.

संध्याकाळी तिची माफी मागायला गेलो. ती पाटावर बसली होती. घमेलं कोपऱ्यात पालथं.

“आक्का, माझं चुकलं,” मी म्हटलं. “रामेश्वराचं मीच लिहिलं होतं.”

“ठाऊक आहे. वाटभर विसू तुम्हांला शिव्या देत होता.” ती हसली. “बसा. खरा समुद्र बघितला हो. घमेल्यापेक्षा फार उद्धट आहे. चहाच्या मळ्यात पाऊस लागला, तिथला वास अजून ह्या लुगड्याला आहे.”

“पण हत्ती राहिला.”

“कोण म्हणतं? विसूनं सांगितलं नाही वाटतं. रागातच असेल.” ती माझ्या आवाजाकडं वळली. “मी देवळात गेलेच नाही. दारात बसले, विसू एकटा आत गेला. तर शेजारी काहीतरी मोठं हललं. ओलं गोणपाट आणि गूळ, विसूनं सांगितलेला अगदी तसा वास. देवळाचा हत्ती हो! मला कळायच्या आत त्यानं सोंड उचलली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. अशी.” तिनं पदर मागं सारून तळहात आपल्या तुळतुळीत डोक्यावर ठेवला. “जड होती. ऊन ऊन. चाळीस वर्षं झाली, ह्या डोक्याला न्हाव्याखेरीज कुणी हात लावला नव्हता.”

आतल्या खोलीत विसूभाऊ चहा करत होता. कपबशांचा आवाज थांबला, आणि तो आतूनच म्हणाला, “ते आराखड्यात नव्हतं, राव.”