सरांच्या जिपेचं पासिंग

आमच्या गल्लीतून नवा शर्ट घालून निघायची सोय नाही. फाटकापाशी दिगंबर सर उभेच असतात. आपल्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळतात आणि विचारतात, "काय, आज पासिंग हाय वाटतं?"

सरांच्या मते जगातल्या सगळ्या गोष्टी दोनच प्रकारच्या. पासिंग आणि सर्व्हिसिंग. पासिंग दुसऱ्याला दाखवायचं, सर्व्हिसिंग आपल्या जिवासाठी करायचं. पाहुणे येणार म्हणून घर आवरलं तर ते पासिंग, रोज केर काढला तर सर्व्हिसिंग. जन्मभर शाळेत शिकवलं, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी भिंती रंगवणारे मुख्याध्यापक बघून त्यांना हे सुचलं म्हणे. घरात काकू नवी साडी नेसल्या तरी तोच प्रश्न. मग दोन दिवस सरांना बिनसाखरेचा चहा मिळतो.

मी त्यांचा शेजारी आणि स्वभावाने आळशी, त्यामुळे माझ्यावर विशेष लोभ. माझ्या जुन्या गाडीची पंधरा वर्षं भरली तेव्हा मी आरटीओतून तिचं पासिंग करून आणलं. ब्रेक लागले, दिवे लागले, धूर बेताचा निघाला. पुढच्या पाच वर्षांचा कागद हातात पडला. मी पेढे वाटले. सर पेढा खात म्हणाले, "ऑइल कधी बदललं?"

"सर, सरकारनं पास केलीय की!"

"आज ती रस्त्यावर चालवण्यालायक हाय, इतकंच लिहून दिलंय. पाच वर्षं तिला खाऊपिऊ घालायचं सरकारनं कबूल केलं न्हाई."

मी हसण्यावारी नेलं. ऐन उन्हाळ्यात, जिंतूरच्या रस्त्यावर, झरी गावाच्या अलीकडे इंजिनाने मान टाकली. सर जीप घेऊन आले. ऑइलची पट्टी बाहेर काढून त्यांनी माझ्या नाकासमोर धरली. तिच्यावर डांबरासारखं काहीतरी होतं.

"कागद दाखव तिला," ते म्हणाले. "चालू झाली तर बरंच हाय."

त्यांच्या जिपेची तऱ्हा निराळी. बोनेट उघडून, इंजिनाला कान लावून ते अर्धी सकाळ घालवतात. ऑइल, फिल्टर, ब्रेक, सगळं वेळेआधी. त्यामुळे जिपेच्या पासिंगची पाळी आली तेव्हा मला मुद्दाम सोबत नेलं. "बघ, सर्व्हिसिंग असलं की पासिंगची फिकीर न्हाई."

तपासणीच्या साहेबांनी ब्रेक बघितले, दिवे बघितले आणि डाव्या दारापाशी येऊन थांबले. दाराखाली एक लोखंडी पायरी जोडलेली होती, चांगली वीतभर बाहेर आलेली.

"ही मागाहून लावलीय. येणाऱ्याजाणाऱ्याला लागेल. काढून आणा, बाकी गाडी चांगली आहे."

साहेबांचं काही चुकलं नव्हतं. तरी सर वाद घालतील असं मला वाटलं, पण त्यांनी सरळ जीप वळवली. परतताना निम्म्या वाटेत म्हणाले, "आक्का कशी चढंल रे?"

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. झरीला असते. आई लवकर गेली, सरांना आक्कानेच कडेवर वाढवलं. आता तिचे गुडघे गेलेत, म्हणून दर गुरुवारी सर तिला परभणीच्या दवाखान्यात शेक घ्यायला आणतात. शेक सुटला तर अंथरूण धराल, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण आक्का चढताना कुणाचा हात धरत नाही. "मी काय लुळी हाय का?" मागे एकदा शेजारणीने दंड धरून चढवलं, तर आक्का महिनाभर घराबाहेर पडली नाही. तेव्हा सरांनी गुपचूप ती पायरी बसवून घेतली आणि तिला सांगितलं, "कंपनीचीच हाय. सगळ्या जिपांना असती."

पायरी कापली, जीप पास झाली. सरांनी पेढे वाटले नाहीत.

गुरुवारी मला म्हणाले, "चल झरीला. मी काय बी केलं तरी हसायचं न्हाई." मागच्या सीटवर लाकडी स्टूल होतं.

आक्का काठी टेकत अंगणात आली. दाराखाली पायरी नाही हे तिने लांबूनच बघितलं आणि जागीच थांबली.

"आज न्हाई येत मी. कंटाळा आलाय."

सरांनी स्टूल काढलं आणि स्वतःच्याच दारापाशी, ड्रायव्हरच्या बाजूला ठेवलं. त्यावर पाय देऊन, "आई गं" करत, कण्हत कुंथत वर चढले. आदल्याच दिवशी हा माणूस आमच्या गच्चीवरच्या टाकीवर चढून झाकण बसवून आला होता. मी खाली मान घातली.

"काय झालं रे दिगू?"

"गुडघे गेले आक्का. स्टुलाबगर चढताच येईना. कुणाला सांगू नको."

"लय म्हातारा झालास की रे!" आक्का लगबगीने जवळ आली. "आन ते स्टूल इकडं. तुला लागतंय तर मला कशाची लाज?"

आणि ती चढली. कुणाचाही हात न धरता.

दवाखान्यापाशी ती आधी उतरली. मला स्टूल पलीकडे न्यायला लावलं. मग काठी काखेत मारून, जिपेला वळसा घालून सरांच्या दाराशी गेली आणि आपला हात पुढे केला.

"हळू. भिऊ नको, मी हाय."

सरांनी तो हात घट्ट धरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सर मात्र लहान पोरासारखे, एकेक पाय जपून टाकत, आक्काच्या आधाराने खाली उतरले.