मागचे आण्णा पुढं बसतात

गिताबाई गेल्याचा फोन आला तेव्हा हौसराव अंगणात दुधाची किटली मांडीवर घेऊन बसले होते. अंगणवाडीच्या मीटिंगला बायको एसटीनं शिरूरला गेली होती. ती आली की स्कुटीवर पुढं ती, मागं हे, मध्ये किटली आणि डेअरी! तीस वर्षांचा नेम. आधी लुना होती, मग स्कुटी आली. माणसं आपापल्या जागी तीच राहिली. म्हणून सगळं न्हावरे गाव हौसरावांना ‘मागचे आण्णा’ म्हणायचं.

मीटिंगमध्येच गिताबाईंचं हृदय थांबलं. दहा मिनिटांत अंगणात सव्वीस मोटरसायकली उभ्या राहिल्या. कुणी हॉर्न वाजवतोय, कुणी किक मारतोय! आणि ज्याला शिरूरला पोचायचं होतं, त्याला त्यातली एकही चालवता येत नव्हती.

“माझ्यामागं बसा! गावात माझ्याइतकी फास्ट गाडी कुणाची न्हाई,” डेअरीचे चेअरमन बबनराव म्हणाले.

फास्ट होतीच. फक्त तिच्यात पेट्रोल नव्हतं. अर्ध्या वाटेत ती खोकली आणि बसली. बबनराव टाकी हलवून आतला आवाज ऐकत होते, आणि आण्णा रस्त्याच्या कडेला उभे होते. समोरून ॲम्ब्युलन्स आली, गेली. त्यातच गिताबाई होत्या. तीस वर्षांत पहिल्यांदा ती आण्णांना मागं न घेता घरी गेली.

पुढचं वर्ष आण्णांनी गावच्या लिफ्टवर काढलं. पहिला महिना लोक हाका मारमारून बसवायचे. तिसऱ्या महिन्यात आण्णा हात करायचे, तेव्हा थांबायचे. सहाव्या महिन्यात आण्णा दिसले की लोक फोन कानाला लावून वेग वाढवायचे. एकदा तर एक जण फोन उलटा धरून बोलत गेला!

वर्षश्राद्ध झालं आणि दौंडला दिलेली लेक अंकिता कंबर कसून समोर बसली.

“आण्णा, आता बास. गाया विका आन् दौंडला चला.”

“मी हितंच बरा हाय.”

“दुधाला जायचं तर लोकांच्या पाया पडता! दवाखाना लागला तर काय करताल?”

बोलता बोलता तिनं दोन्ही गायींच्या गिऱ्हाइकाचं नावही सांगितलं. आण्णांनी गोठ्याकडं बघितलं, घराकडं बघितलं आणि छाती फुगवून सांगून टाकलं, “दसऱ्याला सोनं द्यायला दौंडला येतो. माझ्या गाडीवर, मी चालवत!”

अंकिता हसली नाही. तेच जास्त लागलं.

“आलात तर पुन्हा दौंडचं नाव काढणार न्हाई,” ती म्हणाली. “न्हाई आलात तर दसऱ्याला मी येईन. बॅग भरून ठेवा.”

झालं! आण्णांनी शिकाऊ लायसन काढलं. परीक्षेत सगळे प्रश्न बरोबर आले. मागं बसणाऱ्याला रस्त्यावरच्या पाट्या वाचायला वेळच वेळ असतो.

आता गाडी कुठली घ्यायची? हा प्रश्न आण्णांनी चहाच्या टपरीवर विचारला, ही पहिली चूक. दहा मिनिटांत समिती स्थापन झाली आणि बबनराव आपोआप अध्यक्ष झाले. जगात जिथं समिती असेल तिथं बबनरावांना खुर्ची असतेच.

“गोठ्यात स्कुटी हाय की. तीच शिकतो,” आण्णा दबकत म्हणाले.

सगळी टपरी हसली.

“आण्णा, ती बाईमाणसाची गाडी! पुरुषानं गाडी घ्यायची ती अशी, की ती वेशीत आली की गोठ्यात म्हशीनं मान वर केली पाहिजे. साडेतीनशे सीसी!”

पितृपक्षात गाडी घेत नाहीत, म्हणून घटस्थापनेचा मुहूर्त ठरला. म्हणजे शिकायला राहिले नऊ दिवस. समितीला ते भरपूर वाटले. शिकायचं समितीला नव्हतं.

शोरूममध्ये मोनिका नावाची मुलगी होती. एवढ्या गर्दीत शहाणं तेवढं तेच एक माणूस.

“काका, याआधी कुठली गाडी चालवलीय?”

“तीस वर्षं गाडीवरच हाय मी.”

“मग बसून दाखवा.”

आण्णा ऐटीत चढले, पाय नीट टेकवले, हात मांडीवर ठेवले आणि वाट बघत बसले. मोनिका थांबली. सगळे थांबले.

“काका,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही मागच्या सीटवर बसलाय.”

पुढं सरकल्यावर आण्णांचे पाय जमिनीपासून चार बोटं वर राहिले. मोनिका म्हणाली, “पहिली गाडी असेल तर दोन्ही पाय पुरते टेकले पाहिजेत, काका. आणि गाडी कलली तर एकट्याला सावरता आली पाहिजे. ही शंभर सीसीची हलकी बघा.”

“ती? ती दूधवाल्याची गाडी हाय!” बबनराव खेकसले.

“मग मी कोण हाय?” आण्णांनी विचारलं.

पण समितीत दूधवाल्याला मत नव्हतं. मोठी गाडी निघाली. आण्णांना फेटा बांधला, हार घातला, हातात पुठ्ठ्याची हातभर किल्ली देऊन फोटो काढला. खरी किल्ली बबनरावांच्या खिशात! ते गाडी चालवत न्हावऱ्याला आले, आणि स्वतःच्या नव्याकोऱ्या गाडीवरून आण्णा पुठ्ठ्याची किल्ली सांभाळत मागं बसून आले.

अंगणासमोर दोन बांबूंना फ्लेक्स बांधलेला होता. ‘आण्णांची नवी गाडी, हार्दिक अभिनंदन!’ त्यावर आण्णा पासपोर्ट फोटोएवढे आणि बबनराव ट्रॅक्टरएवढे. चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ फुटला.

“लिंबावरून गाडी मालकानंच न्यायची असती,” बबनरावांनी जाहीर केलं. “घाबरू नका, मी मागं बसतो. मी सांगतो तसं करा.”

आता हे नीट ध्यानात घ्या. तीस वर्षं मागं बसलेल्या माणसाला भीती वाटली की तो एकच गोष्ट करतो. हातात जे असेल ते गच्च आवळतो. स्कुटीवर आण्णांच्या हातात गिताबाईंच्या पदराचं टोक असायचं. खड्डा आला की आण्णा ते आवळायचे आणि ती म्हणायची, “सैल धरा वो, मी काय पळून चाललीय?” या गाडीवर आण्णांच्या हातात ॲक्सिलरेटर होता.

“गिअर टाका! आता क्लच सोडा!” बबनराव मागून ओरडले.

आण्णांनी क्लच सोडला. सोडला म्हणजे साप सोडावा तसा सोडला! गाडीनं उडी मारली. आण्णांना भीती वाटली. त्यांनी आवळलं. गाडी आणखी पळाली, म्हणून आणखी भीती वाटली, म्हणून आणखी आवळलं!

“ब्रेक! ब्रेक!”

“कुठं हाय त्यो?”

“डावीकडं झुका!”

आण्णा सवयीनं झुकले. बबनरावांना मात्र मागं बसायची सवय नव्हती, ते उजवीकडं झुकले. मागं बसायलाही अक्कल लागते, हे गावाला त्या दिवशी कळलं. गाडी सरळ फ्लेक्समध्ये घुसली. बबनरावांचं ट्रॅक्टरएवढं तोंड फाडून पलीकडं गेली. आण्णा कडब्याच्या गंजीत पडले आणि बबनराव उकिरड्यात. चाकांखालची लिंबं तेवढी जागच्या जागी शाबूत. गाडी त्यांच्यावरून उडूनच गेली होती!

आण्णांचं कोपर खरचटलं. बबनरावांचा हात गळ्यात आला. शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीनं मात्र मान वर केली होती, हे कबूल केलं पाहिजे.

संध्याकाळच्या आत फोन आला.

“आण्णा, मला सात जणांनी व्हिडिओ पाठवलाय.” अंकिताचा आवाज शांत होता. “लागलं का जास्त?”

“न्हाई. फ्लेक्सचं नुकसान झालं.”

“दसऱ्याला येते. बॅग भरा.”

आण्णांनी बॅग भरली. दोन धोतरं, तीन सदरे, गिताबाईंचा फोटो. बॅग भरून झाल्यावर ते गोठ्यात गेले आणि वर्षभरानं स्कुटीवरचं पोतं काढलं. डिकी उघडली तर आत अंगणवाडीच्या पोषण आहाराचे कागद होते, आणि आपल्या ज्या चष्म्यासाठी आण्णांनी वर्षभर घर पालथं घातलं होतं तो चष्मा.

मेकॅनिकनं येऊन बॅटरी बदलली. आण्णांनी गिताबाईंचं लाल हेल्मेट घातलं, स्कुटी कांद्याच्या मोकळ्या वावरात नेली आणि बसले. पुढं! दोन्ही पाय टेकले. गिअर नाही, क्लच नाही. स्कुटी निघाली. हात आवळणार तेवढ्यात तोंडातून आपोआप आलं, “सैल धरा वो, मी काय पळून चाललीय?”

हात सैल झाला. स्कुटी हळू झाली.

पुढचे सात दिवस वावरात आण्णा मोठमोठ्यानं स्वतःला बायकोचे शब्द सुनावत फिरत होते. बांधावरून बबनराव बघायचे आणि गळ्यातला हात सावरत म्हणायचे, “डोक्यावर परिणाम झालाय!” त्यांच्या हातावर झाला होता, त्याचं ते काही बोलत नव्हते.

दसऱ्याला दिवस उगवता आण्णा निघाले. डिकीत आपट्याची पानं, वेग वीस. एका म्हाताऱ्या सायकलवाल्यानं त्यांना मागं टाकलं आणि वळून राम राम केला. आण्णांना सगळा रस्ता पाठ होता. कुठं गतिरोधक, कुठं खड्डा, कुठल्या वस्तीवरचं कुत्रं मागं लागतं! असं करत पारगावचा पूल आला. खाली भीमा.

आण्णा थांबले.

दोन तासांनी पलीकडून विश्वजीत जावयाची गाडी आली. अंकितानं खाली उतरून आधी लाल हेल्मेट बघितलं, मग आतलं तोंड बघितलं.

“आण्णा! हितवर चालवत आलात?”

“व्हय.”

“एकटे?”

“दुसरं कोण येणार?”

डोळे पुसून ती म्हणाली, “मग पूल ओलांडून दौंडला का न्हाई आलात?”

आण्णांनी खाली भीमेकडं बघितलं. पूल आला की गिताबाई एक नाणं मागं त्यांच्या हातात द्यायची आणि आण्णा ते नदीत टाकायचे. आता दोन्ही हात हँडलला. हे काय सांगायचं?

“बरं, मग माघारी घरी तरी जायचं. हितं उन्हात का उभे?”

हे मात्र आण्णांनी खरं सांगितलं. “माघारी वळवायला येत न्हाई मला.”

“काय?”

“सात दिवस सरळच शिकलो. वावराच्या टोकाला गेलं की उतरून ढकलायचो. हितं मागं पुढं ट्रक!”

अंकिता इतकी हसली की जावई खाली उतरून आला. मग तिनं हेल्मेट मागून घेतलं, स्कुटी एका झोकात वळवली आणि म्हणाली, “बसा मागं.”

आण्णा बसले. पहिल्याच वळणाला ते तिच्या आधी झुकले.

घरी येऊन अंकितानं बॅग स्वतःच्या हातानं रिकामी केली. गायींच्या गिऱ्हाइकाला फोन करून येऊ नको सांगितलं. वळवायला शिकून दौंडला यायला आण्णांना मुदत दिली दिवाळीच्या पाडव्यापर्यंत.

मोठी मोटरसायकल गोठ्यात आहे, तिच्यावर कोंबड्या बसतात. मागच्या सीटवर जास्त. आण्णा रोज स्कुटीवर दूध घालतात, माघारी फिरताना उतरून ढकलतात. वळवायला शिकायचं राहिलंय. पारगावचा पूल ओलांडायचा राहिलाय. नाणं सदऱ्याच्या खिशात आहे.