आज जेवायला काही नाही

आजींच्या स्वयंपाकघरात एक वेळ शिवी चालली असती, पण भाजीचं नाव चालत नसे. भोपळा हा शब्द तर आजींचा मुलगा, एवढा बाप्या माणूस, मुली शाळेत गेल्यावरच तोंडातून काढायचा, आणि तोही दाराकडे बघत.

मुलगा लोकांची घरं रंगवायचा. तीन महिन्यांपूर्वी शिडी घसरली आणि हा रंगाच्या डब्यासकट खाली आला. उजवा हात दोन ठिकाणी मोडला. सून लॉन्ड्रीत इस्त्री करायची, आता ती जास्तीच्या पाळ्या करू लागली, आणि स्वयंपाकघर आजींनी ताब्यात घेतलं. त्यांनी दोनच गोष्टी ठरवल्या. या घरातलं पोर अर्धपोटी उठता कामा नये, आणि घरातली ओढाताण दाराबाहेर जाता कामा नये. पहिलीसाठी त्यांचा जीव होता, दुसरीसाठी नाक.

बाजार उठायच्या वेळी आजी पिशवी घेऊन निघत. वाकडी गाजरं, डाग पडलेला भोपळा, भाजीवालीने बाजूला टाकलेला पाला. गाजर वाकडं असलं म्हणून पोटात जाऊन काय वाकडं चालतं? पण भाजीवालीने एकदा विचारलंच, "आजी, एवढा पाला कशाला?" तेव्हा आजी मान ताठ ठेवून म्हणाल्या, "सशाला." घरात ससा नव्हता. असता तरी त्या पाल्यातलं एक पान त्याला मिळालं नसतं.

अडचण होती ती नातींची. थोरली नऊ वर्षांची. प्रत्येक गोष्टीची उलटतपासणी घ्यायची, म्हणून घरात तिला वकीलबाई म्हणत. धाकटी टिल्ली सहा वर्षांची, थोरलीची बिनपगारी कारकून. ताटात हिरवं दिसलं की टिल्ली डोळे मिटायची, नारिंगी दिसलं की तोंड. एका संध्याकाळी आजींनी मसूर शिजायला टाकली, त्यात भोपळा, गाजर, पालक, मुळ्याचा पाला, सकाळचा भात असं सगळं लोटलं, मऊ झाल्यावर रवीने असं घोटलं की भोपळ्याचा बाप आला असता तरी त्याने पोराला ओळखलं नसतं. वरून लसणाची चरचरीत फोडणी आणि भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट.

"आजी, यात काय आहे?" वकीलबाईंनी चमचा वर धरून विचारलं.

"काही नाही."

"काहीतरी असेलच ना?"

"सांगितलं ना एकदा, काही नाही! गिळा आता!"

मुलींनी गिळलं. मग पुन्हा मागितलं. मग वाट्या चाटल्या. दुसऱ्या दिवशी टिल्ली शाळेतून आली ती दप्तर फेकून ओरडतच, "आजी, आज पण काही नाही कर ना!"

झालं. पदार्थाचं बारसं झालं. आठवड्यातून चार दिवस घरात 'काही नाही' शिजू लागलं. मुली यायच्या आत चिरणं उरकायचं, सालं वर्तमानपत्रात गुंडाळायची, कचऱ्याच्या डब्यात खाली दाबायची, वर राख टाकावी तसा जुना कागद टाकायचा. डबा खाली नेऊन रिकामा करायचं काम वकीलबाईंचं होतं, त्या निमूट नेत. आजी सुनेला म्हणायच्या, "शाळा तू शिकलीस, पण पोरींना चकवायची अक्कल पुस्तकात नसते हो."

सून म्हणायची, "खरं आहे, आई." इस्त्री करून आलेल्या बाईला वाद घालायला हात कुठे शिल्लक असतात?

आता टिल्लीच्या वर्गाच्या, पहिलीच्या बाई. नव्या होत्या, मनाने लोण्याहून मऊ. आणि मऊ वस्तू पसरते लवकर. एका गुरुवारी त्यांनी वर्गाला सांगितलं, "काल संध्याकाळी काय जेवलात त्याचं चित्र काढा."

टिल्लीने एक वाटी काढली. आत काहीच नाही.

"अगं, यात काय होतं?"

"काही नाही."

"म्हणजे काल तू काय जेवलीस?"

"काही नाही."

बाई खाली बसल्या. "आणि परवा?"

"परवा उकडलेलं अंडं. पण त्याच्या आदल्या दिवशी काही नाही. आणि आज पण काही नाहीच!" टिल्लीचा चेहरा उजळला होता. "आजीने कबूल केलंय."

"पोट भरतं का गं तुझं?"

"मी अजून मागते. पण आजी म्हणते, पुरे, आईबाबांना पण ठेव."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी मधल्या सुट्टीत थोरलीला बोलावलं. वकीलबाईंनी साक्ष नेमकी दिली. "हो, आठवड्यातून चार दिवस. आजीच करते. आईला तसं जमत नाही."

शाळा सुटल्यावर बाई तडक कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे गेल्या. दुकानदार म्हणाला, "हल्ली बिस्किटं बंद, लोणी बंद. नुसती डाळ आणि मीठ नेतात." शेजारीच भाजीवाली बसली होती. ती म्हणाली, "त्या आजी होय? माझ्याकडून टाकलेला पाला नेतात. सशासाठी."

बाई घाईने शाळेच्या फाटकापाशी परत आल्या. मुली अजून तिथेच लंगडी खेळत होत्या. "टिल्ली, तुमच्याकडे ससा आहे?"

"नाही. का? तुम्ही देणार आहात?"

यापुढे पुरावा तो काय हवा?

संध्याकाळी दार वाजलं. आजींनी उघडलं तर दारात बाई, त्यांच्या मागे तांदळाची गोणी घेतलेला दुकानदार, त्याच्या मागे पोतं पाठीवर घेतलेली भाजीवाली, आणि सगळ्यांत मागे वरच्या मजल्यावरची नर्स, काखेत वजनकाटा.

आजींना वाटलं, मुलाच्या हाताची चौकशी करायला आलेत. "या, या. बरं आहे आता. बोटं हलतात."

बाई आजींचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आजी, आम्हाला सगळं कळलंय."

"कळणारच. रस्त्याच्या मधोमध पडला, काय लपून राहतंय?"

"तसं नाही. मुलींच्या जेवणाचं म्हणते मी. लाजू नका. अशी वेळ कुणावरही येते."

आजींनी हात काढून घेतला. "कसली वेळ?"

"टिल्लीनेच सांगितलं, घरी जेवायला काही नाही."

आजींच्या ध्यानात आलं आणि त्यांना हसू फुटणार, तोच नर्सबाई टिल्लीला काट्यावर चढवून मोकळ्या झाल्या. त्यांनी आकडा पाहिला, काटा हलवला, पुन्हा पाहिला. "गेल्या वेळी तपासलं त्यापेक्षा दीड किलो जास्त!"

"जास्त?" दुकानदार गोंधळला. "काही न खाता?"

"सूज असेल," नर्सबाई गंभीरपणे म्हणाल्या. "उपासमारीत येते कधी कधी."

"सूज तुमच्या डोक्यात आली असेल!" आजी कडाडल्या. "माझ्या घरातलं पोर उपाशी? ह्या हातांनी खाऊ घातलंय मी त्यांना!"

"मग सांगा ना आजी," बाईंनी शेगडीकडे बोट दाखवलं, "त्या पातेल्यात काय आहे?"

पातेल्याचं झाकण थडथडत होतं. खोलीभर लसणाचा वास सुटला होता. आजींनी तोंड उघडलं, आणि त्यांची नजर टेबलाकडे गेली. नाती चमचे हातात धरून बसल्या होत्या, चार डोळे आजींवर.

आजींच्या तोंडात भोपळा आला होता. पालक आला होता. मुळ्याचा पाला तर अगदी ओठांवर होता. एक नाव घेतलं की अब्रू वाचत होती. पण तेच नाव टिल्लीच्या कानावर पडलं की उद्यापासून तिचे डोळे मिटणार, तोंड मिटणार, आणि मुलाचा हात प्लॅस्टरमधून सुटेपर्यंत या पोरींच्या पोटात काय घालायचं, हे आजींना माहीत नव्हतं. उभ्या जन्मात कुणापुढे न वाकलेली बाई ती. भाजीवाली बघत होती, दुकानदार बघत होता, उद्या अख्खी गल्ली बघणार होती.

मुलाला राहवलं नाही. "अहो बाई, त्यात भो..."

आजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचा चांगला हातही दुखायला लागला.

"भो... भोवळ आल्यासारखं होतंय मला," म्हणत तो खुर्चीत बसला.

"अन्नावाचून," भाजीवाली हळहळली.

आजींनी पदराने हात पुसले. आवाज खाली आणला. "काही नाही," त्या म्हणाल्या. "पातेल्यात काही नाही."

झाकण तेवढं थडथडत राहिलं. दुकानदाराने गोणी खाली ठेवली आणि मान वळवली. आजी भिंतीवरच्या रंगाच्या नमुन्यांकडे बघत उभ्या होत्या, जणू तिथे काही लिहिलंय.

तेवढ्यात खुर्ची सरकली. वकीलबाई उभ्या राहिल्या होत्या.

"बाई, त्यात लाल भोपळा आहे," त्या म्हणाल्या. "गाजर आहे. पालक, मुळ्याचा पाला, मसूर. कालचा भात असतो कधी, कधी सकाळचा. त्यालाच आम्ही 'काही नाही' म्हणतो. ते नाव आहे."

आजी वळल्या. "तुला कुणी सांगितलं?"

"कचऱ्याचा डबा कोण नेतं आजी? कागद भिजून फाटतो. जिन्यातच सालं पडतात, मला गोळा करावी लागतात."

"कधीपासून माहीत आहे?"

"दुसऱ्या दिवसापासून."

आजींनी टिल्लीकडे पाहिलं. टिल्लीने जोरात मान हलवली. "मला पण! पण ताई म्हणाली आजीला कळू द्यायचं नाही. नाहीतर तिची मजा जाईल."

"आणि बाईंनी विचारलं तेव्हा तुझी वाचा बसली होती?" आजींनी थोरलीला धरलं.

"त्यांनी विचारलं, काही नाही किती दिवस असतं. मी सांगितलं. त्यात काय असतं, हे त्यांनी विचारलंच नाही." वकीलबाईंनी चमचा खाली ठेवला. "आणि भोपळा मला अजूनही आवडत नाही. पण त्यात चांगला लागतो."

आजींना काहीतरी खरमरीत बोलायचं होतं. त्यांच्याजवळ अशा वेळेसाठी बरीच वाक्यं होती. पण त्यांनी वळून पातेल्याचं झाकण उगाचच उचललं आणि पुन्हा ठेवलं. तीन महिने त्या पोरींना चकवत होत्या, आणि पोरी तीन महिने चकत होत्या, आजीसाठी.

बाई पुटपुटल्या, "आजी, माफ करा. मी फारच..."

"तुम्ही गप्प बसा," आजी म्हणाल्या. पण आवाज मऊ होता. त्यांनी गोणीकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं. पोत्याच्या तोंडाशी एक अख्खा, बिनडागी भोपळा होता. भाजीवालीने विकायला ठेवलेल्यातला सगळ्यात चांगला उचलला होता, आणि ओझं घेऊन तीन जिने चढून आली होती. एक पोर जेवलं नाही, एवढंच ऐकून.

आभार मानणं आजींना येत नसे. त्यांना वाढणं येत असे.

"आणलंच आहे तर परत कशाला न्यायचं?" त्यांनी मोठं पातेलं काढलं. "भाजीवाली, तू तो भोपळा चीर. दुकानदार, लसूण सोला, नुसते उभे राहू नका. नर्सबाई, तो काटा बाहेर ठेवा, माझ्या स्वयंपाकघरात कुणाचं वजन होत नसतं. बाई, तुम्ही बसा, तुमचा चेहरा उतरलाय. जेवल्याशिवाय एकानेही जिना उतरायचा नाही."

भाजीवाली विळी घेऊन बसली, मग थांबली. "आणि आजी, तो ससा?"

"दोन आहेत," आजी टेबलाकडे हनुवटीने दाखवत म्हणाल्या. "मोठ्याला वकिली येते."

सून कामावरून आली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, फोडणीच्या ठसक्याने दुकानदाराचे डोळे लाल, नवरा खुर्चीत मान मागे टाकलेला. तिच्या हातातून पिशवी पडली. "कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही, हात धू आणि बस," आजी म्हणाल्या. "आज तुला वाढणारी मी आहे. रोज उभी असतेस ती पुरे झाली."

सुनेने आश्चर्याने आधी सासूकडे आणि मग वाटीकडे पाहिलं. दुकानदार तिसऱ्यांदा वाटी पुढे करत होता. नर्सबाईंनी कृती लिहून घ्यायला पेन काढलं होतं, आणि वर 'काही नाही' असं लिहून त्या स्वतःच हसत बसल्या होत्या.

सगळे गेल्यावर आजी भांडी घासत होत्या आणि वकीलबाई पुसत होत्या.

"पोरी," आजी म्हणाल्या.

"काय आजी?"

आजींनी तेच पातेलं पुन्हा एकदा घासलं. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

वकीलबाईंनी पातेलं त्यांच्या हातातून घेतलं आणि नीट पुसलं. "कळलं," ती म्हणाली. "पण उद्या लसूण जरा जास्त घाल."