समोरच्या काचेवरचा डाग

डाग काढण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय. भिंतीवरची शाई, शर्टावरचा गंज, फार काय, एकदा साहेबांच्या कोटावरचा डाग मी असा काढला, की जाताना तो कोटाचा रंगही सोबत घेऊन गेला! तेव्हा गाडीच्या काचेवरचे पाण्याचे डाग म्हणजे माझ्या हातचा मळ.

आमची गाडी इमारतीच्या गळक्या टाकीखाली उभी असते. टाकीतलं खारं पाणी दहा वर्षं थेंबथेंब काचेवर पडतंय नि वाळतंय. नुसती पांढरी वर्तुळं. माझी काही तक्रार नव्हती. मग एक दिवस मी फाटकाच्या खांबाला धडकलो. लेक म्हणाली, खांब गेली तीस वर्षं तिथेच आहे. मी म्हणालो, असेल, पण काचेवरच्या डागांमुळे दिसला नाही. ती म्हणाली, ठीक आहे, रविवारपर्यंत काच साफ करा आणि मला एक चक्कर मारून आणा. नाहीतर किल्ली माझ्याकडे.

आता तुमच्यापासून काय लपवायचं, या घरात माझ्या हाती तेवढी किल्लीच उरलीय. बँक लेकीच्या फोनमध्ये गेली, टपाल फोनमध्ये गेलं, भाजीसुद्धा फोनमधून येते. तुम्ही दिवसभर करता काय, असं कुणी विचारलं तर बायकोला तिच्या बहिणीकडे नेतो-आणतो, एवढंच सांगता येतं. तेही गेलं, की माझ्यात नि कपाटात फरक एवढाच, की कपाटात काहीतरी ठेवता तरी येतं.

सोमवारी व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं काचेवर पसरलं. दहा मिनिटांत वर्तुळं गायब. राहिला एकच डाग, जवळजवळ माझ्या नाकासमोर, बशीएवढा, करडा. आणखी व्हिनेगर झालं, टूथपेस्ट झाली, पठ्ठ्या ढिम्म. शेवटी कोपऱ्यावरच्या काचवाल्याला गाठलं. तो म्हणाला, वरचा थर व्हिनेगरनं जातो, पण पाण्यानं काचच खाल्ली असेल तर पॉलिशच्या पावडरीनं घासावी लागते. काच ओली ठेवा, हात फिरता ठेवा आणि एका जागी थांबू नका, हे त्यानं तीनदा बजावलं.

डाग एका जागी असताना मी गावभर कशाला फिरू? ड्रिलला दाबलेल्या लोकरीची चकती बांधली आणि भिडलो. पण डाग भलताच लबाड. आत बसून खडूनं त्याच्याभोवती गोल काढावा, बाहेर जाऊन त्या गोलात अर्धा तास घासावं, पुन्हा आत येऊन बघावं, तर हा गोलाच्या शेजारी आरामात बसलेला. मग दुसरा गोल. शनिवारपर्यंत तेवढ्या वीतभर जागेत बावीस गोल झाले. शेजारचे आजोबा विचारून गेले, की हा नकाशा कुठल्या देशाचा.

रविवारी गाडी फाटकातून बाहेर लेकीनंच काढली. तिथे माझ्यावर भरवसा नव्हता. दहा पावलं गेली नि तिनं करकचून ब्रेक दाबला. माझ्या घासण्यानं काचेत असा खोलगट खळगा पडला होता, की विजेचा खांब कमरेत लचकत होता आणि समोरून येणाऱ्या दूधवाल्याला तीन पाय होते. लेकीला मळमळायला लागलं. खाली उतरून, कट्ट्यावर डोकं धरून बसली.

"बाबा, चुकलं माझं," ती म्हणाली. "या काचेतून कुणीही धडकलं असतं."

एवढा मोठा विजय मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. मी मोठ्या मनानं तिला माफ केलं.

मंगळवारी नवी काच बसली. काचवाला जुन्या काचेवरून बोट फिरवत म्हणाला, पाण्यानं असा खड्डा पडलेला त्यानं कधी पाहिला नाही. मी आभाळातले ढग मोजत राहिलो. मग लेक म्हणाली, आता चक्कर मारू या. ती मागे बसली, बायको माझ्या शेजारी.

मी समोर पाहिलं. काच कोरी करकरीत. आणि तिच्यावर तो डाग. बशीएवढा, करडा. मी डावीकडे पाहिलं, तोही डावीकडे आला. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, तर अर्धे आकडे त्यानं गिळलेले. मग आठवलं, पेपरची छपाई डागाळलेली येते म्हणून मी संपादकांना दोन कडक पत्रं लिहिली होती.

किल्ली फिरवली आणि पुन्हा बंद केली. गुडघा धरलाय म्हणालो. लेक मलम आणायला वर गेली.

बायको समोर बघतच म्हणाली, "डाग काचेवर नाहीये ना?"

मी आरसा पुसायला लागलो.

"अहो, वर्षभर मी 'सिग्नल लाल झाला', 'उजवीकडून बस येतेय', 'पोरं रस्ता ओलांडतायत' असं बोलत असते, त्या काय तुम्हाला गप्पा वाटल्या?"

खोटं कशाला बोलू, मला गप्पाच वाटल्या होत्या. किती बोलतेस म्हणून दोनदा खेकसलोही होतो.

लेक मलम घेऊन आली, तेव्हा तिच्या हातात मी किल्ली ठेवली. आता गाडी तीच चालवते. मी मागे बसतो, बायको पुढे. बहिणीकडे जाताना पंचवीस मिनिटं, येताना पंचवीस मिनिटं, बायको एक अक्षर बोलत नाही.