आजी, तुमचा नंबर तिसरा

सूनबाईला पोरांना दरडावता येत नाही, ही सासूबाईंची जुनी तक्रार. मास्तरीण कशी हवी? नुसती खाकरली तरी वर्ग गार पडला पाहिजे. ही बया पोरांनाच विचारते, “बाळांनो, वर्गाचे नियम काय करायचे?” घरीही तेच खूळ. “आई, आज भाजी कुठली, ते सगळे मिळून ठरवू या.” सासूबाई स्वतः दुसरीतून उठलेल्या, पण चाळीस वर्षं घर नुसत्या भुवईवर चालवलेलं. त्यातून सूनबाई तीन वर्षं शाळेत तात्पुरतीच. आज तपासणीचे साहेब यायचे होते. त्यांचा शेरा चांगला पडला तर ती कायम, नाहीतर घरी.

आणि नेमका आजच चष्मा फ्रीजवर विसरून गेली.

“डोळे घरी ठेवून गेली शिकवायला!” म्हणत सासूबाई चष्मा घेऊन शाळेत पोचल्या आणि थेट वर्गात शिरल्या.

“थांबा!” दोन वेण्यांची एक चिमुरडी उठली. “न विचारता आलात. नियम दुसरा. दाराशी उभं राहायचं, हात वर करायचा, नंबर आला की बोलायचं.”

“अगं, मी तुमच्या बाईंची सासू!”

“परवा बाईसुद्धा उभ्या राहिल्या होत्या.”

सूनबाई फळ्याकडे डोळे बारीक करून बघत होती. “आई, नियम मुलांचा आहे. मला मोडता येत नाही.”

“अगं, पण चष्मा तरी...”

“बोलायचं नाही, आजी. तुमचा नंबर तिसरा.”

आयुष्यात पहिल्यांदा सासूबाई हात वर करून गप्प उभ्या राहिल्या. तेवढ्यात आणखी कुणीतरी तरातरा आत आलं. सूनबाईला दिसला एक उंच, धूसर खांब. सकाळपासून ती सुताराची वाट बघत होती.

“सुतारकाका, मोडकी खिडकी मागे आहे. पण न विचारता आलात ना? आधी आजींशेजारी उभे राहा.”

सासूबाईंनी खांब न्याहाळला. कडक इस्त्री, काखेत फाईल, खिशात दोन पेनं. सुतार काय फायलीनं रंधा मारतो? हे तर तपासणीचे साहेब! त्यांनी चष्मा हवेत नाचवला. सूनबाई त्या धुक्याकडे बघून गोड हसली.

“नेहमी असंच चालतं का इथं?” साहेब कुजबुजले.

“काका, नियम दुसरा! तुमचा नंबर चौथा.”

साहेबांनी मुकाट्याने हात वर केला.

फळ्यावरचं बाईंना दिसेना, म्हणून गणित पोरांनीच हाती घेतलं होतं: पाव मोठा की तिसरा हिस्सा? “पाव मोठा. तिनापेक्षा चार मोठे,” पहिला नंबर ठणकावून म्हणाला. “मग तू पाव कलिंगड घे,” दुसरा म्हणाला, “मी तिसरा हिस्सा घेतो. मग रडत बस.” पहिल्याने डोकं खाजवलं, मनातल्या मनात कलिंगड कापलं आणि फळ्यावरचं आपलं उत्तर स्वतःच पुसलं. बाईंनी नुसती मान डोलावली. साहेबांनी मात्र एका हाताने फाईल उघडून काहीतरी खरडलं. सासूबाईंना वाटलं, गेली नोकरी!

मग त्यांचा नंबर आला. मघापासून साठवलेल्या शिव्यांतून एकच वाक्य बाहेर पडलं.

“घाल तो चष्मा, आणि बघ!”

सूनबाईने घातला. हातातला खडू खाली पडला. “साहेब... मला वाटलं...”

“माझा नंबर आला का?” साहेबांनी वेण्यांना विचारलं.

“आला. काय काम आहे?”

“तुमच्या बाईंना कायम ठेवायचं की नाही, ते ठरवायचंय.”

“एवढंच ना? हात वर करा रे!”

वर्गाचा पट तीस. साहेबांनी मोजले, तर हात भरले बत्तीस.

“आजी!” वेण्या ओरडल्या. “एका माणसाचा एकच हात!”

संध्याकाळी सूनबाई उड्या मारत स्वयंपाकघरात आली. “आई, शेरा उत्तम पडला! आणि तुमचे तर दोन्ही हात...”

“खांदे आखडले होते, ते मोकळे करत होते. आणि तू उंबऱ्याच्या बाहेरच थांब. न विचारता आत आलीस ना? भाजीचं मतदान झालंय. हजर मी एकटी. एकमताने भोपळा.” सासूबाईंनी विळी पुढे ओढली. “शाळेत कायम झालीस, जीव भांड्यात पडला माझा. पण या स्वयंपाकघरात तू अजून तात्पुरतीच आहेस!”