पाच सेकंदांचा वायू आणि सात शिक्के

जपानमधल्या कानाझावा शहरातल्या एका विद्यापीठात संशोधिका तोकिए सोनोबे उंदराची केसाएवढी बारीक धमनी दोन तारांवर ताणून बसली होती. धमनी कोमट खारट पाण्यात होती आणि सोनोबेची नोकरी एकतीस मार्चपर्यंत होती. धमनी सैलावल्याचा आलेख अहवालात गेला, तरच करार वाढणार होता.

तिने औषधाचा थेंब टाकला. धमनीच्या आतल्या अस्तराने नायट्रिक ऑक्साइड वायू सोडला, बाहेरच्या स्नायूने तो इशारा ओळखला आणि धमनी सैल पडली. आलेखाची रेघ झरझर खाली आली. सोनोबेने तीन वर्षांत पहिल्यांदाच खांदे सैल सोडले.

नेमके तेव्हाच रसायन विभागाचे प्रमुख कुझुमी तपासणीला आले.

"सोनोबे-सान, हा नायट्रिक ऑक्साइड साठ्याच्या वहीत दिसत नाही. कुठून मागवला?"

"मागवला नाही, साहेब. धमनीनं तयार केला."

"कुणाच्या परवानगीनं?"

"धमन्या विचारत नाहीत हो."

"तेच चुकतं त्यांचं. बरं, उरलेला कुलपात ठेवा."

"उरत नाही. पाचेक सेकंदांत संपतो."

"मग पाच सेकंदांच्या आत मंजुरी घ्या."

मंजुरीला सात जणांचे शिक्के लागत; तिथे सहीऐवजी प्रत्येकाचा नावाचा शिक्का चाले. शिवाय रीत अशी, की कनिष्ठाचा शिक्का शेजारच्या वरिष्ठाच्या शिक्क्याकडे किंचित झुकलेला हवा. जणू कमरेत वाकून नमस्कार.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेबाहेर अधिकारी शिक्के घेऊन ओळीने उभे राहिले. सोनोबेने "सुटला!" म्हणून ओरडायचे, पहिला शिक्का स्वतः मारायचा आणि कागद पुढे धाडायचा. पहिल्या फेरीला चाळीस सेकंद लागले. आठवडाभराच्या सरावाने ते अकरावर आले. त्याखाली येईनात; वाकायला वेळ लागतोच. एका उपकुलसचिवांचे मनगट मुरगळले. दहाव्या दिवशी घाईत सोनोबेचा शिक्का चक्क सरळ उमटला.

ओळीतले सगळे मान वाकडी करून तो शिक्का पाहू लागले.

"एवढा ताठा?" कुझुमी हळूच म्हणाले. सोनोबेने माफीपत्र लिहिले. त्यालाही सात शिक्के लागले.

मग समितीची बैठक झाली. कुझुमींनी विचारले, "धमनीला हा वायू सोडूच देत नाही, असं काही औषध आहे का?"

सोनोबे पडली शास्त्रज्ञ. "आहे," ती म्हणाली.

"अगं, जीभ चावायचीस ना!" शेजारी बसलेल्या हात्ताबाई पुटपुटल्या. प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुण्यात त्यांची तीस वर्षे गेली होती.

औषध टाकले. धमनी आखडली ती आखडलीच. आलेखाची रेघ जागची हलेना. विद्यापीठाच्या अहवालात ठळक अक्षरांत छापून आले, 'विनापरवाना सैलावण्याच्या घटना: शून्य.' या कामगिरीबद्दल सोनोबेचा करार वर्षभरासाठी वाढला. करारावर तिने शिक्का इतका झुकवला, की तो जवळजवळ आडवाच झाला.

एप्रिलच्या आरोग्य तपासणीत कुझुमींचा रक्तदाब एकशे नव्वद भरला. डॉक्टर घाबरले. कुझुमी मात्र छाती काढून म्हणाले, "आमच्याकडं धमन्यासुद्धा विचारल्याशिवाय सैलावत नाहीत."

हसताना तुमच्याही धमन्या थोड्या सैलावल्या असतील. त्याची नोंद झालेली नाही. शिक्का घेऊन रांगेत या, आणि तो सरळ मारू नका. सरळ तो तुम्ही आजवर कधी मारलाय म्हणा!